ओळखीचे औषध

आमच्या बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या मुलखातून परदेशी निघालेल्या माणसाची पेटी भरताना ज्याने एकवार पाहिली असेल, त्यास आमच्या लोकांचा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागत नाही. तळाशी कपडे, त्यांवर लाडू-चिवड्याचे डबे, कुंद्याचा खोका, आमसुले, कैरीचे लोणचे, मध्ये कुलदेवतेचा प्रसाद व अंगाऱ्याची पुडी, आणि मग जिथे म्हणून बोटभर जागा उरेल तिथे औषधे. मुलासाठी सर्दीची, सुनेसाठी पित्ताची, नातवासाठी जंताची. आणि जाणारी खुद्द आजीच असेल तर तिची रक्तदाबाची, मधुमेहाची आणि गुडघ्यांची. लोणचे आणि गोळी यांत आमची माणसे फारसा भेद करीत नाहीत. दोन्ही घरची, दोन्ही खात्रीची, आणि दोन्ही मायेने बांधून दिलेली. लोणच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. औषधाविषयी मात्र, गेली कित्येक वर्षे वकिलीच्या निमित्ताने जे ऐकले व पाहिले, त्यावरून चार शब्द लिहावे असे वाटते.

परदेशगमनाचा आणि वकिलाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, प्रवासाची तारीख जवळ आली म्हणजे लोकांस कागदांची आठवण होते, आणि कागद म्हटला की आमच्या भागात वकिलाचा जिना चढण्याची रीत आहे. मुखत्यारपत्र, वारसाचा दाखला, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र ही नेहमीची कामे. त्यांच्या शेवटी, पायांत चपला घालता घालता, एक प्रश्न हमखास येतो : "वकीलसाहेब, ही औषधे माझ्याच वापरासाठी आहेत असे एक बाँडवर लिहून द्याल का? विमानतळावर कोणी विचारले तर दाखवायला बरे." त्यावर आम्हांस सांगावे लागते की, असे प्रतिज्ञापत्र करून देणे अवघड नाही, परंतु परमुलखातील जकात अधिकाऱ्यापुढे त्याचे वजन फारच थोडे. तिथे जो कागद चालतो तो वकिलाने लिहावयाचा नसून वैद्याने लिहावयाचा असतो. आणि नेमका तोच बहुतेकांपाशी नसतो.

तो नसतो याचे कारण आळस नव्हे. कारण आहे ओळख. आमच्या गल्लीतला औषधविक्रेता हा नुसता दुकानदार नाही. घरात कोणाला साखरेचा विकार, कोणाला दम्याचा, कोणाला कोणते औषध सोसत नाही, हे त्याला तोंडपाठ. पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीचे तुकडे झाले तरी तिच्यावरील गोळी तो आजही देतो, आणि पैसे नसले तर वहीत मांडून ठेवतो. नाव ठाऊक नसले तरी अडत नाही. "ती पांढरी, अर्धी मोडून घेतो ती" एवढे सांगितले की पुरे. रात्री अकरा वाजता दाराची कडी वाजवली तर शर्टाची बटणे लावीत तो खाली येतो. या ओळखीची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. दवाखाना दूर आणि खिसा लहान अशा कित्येक घरांचे आजारपण याच ओळखीने निभावून नेले आहे.

पण कायद्याची नजर या ओळखीकडे नाही. पूर्वी या देशाच्या बाजारात बनावट व भेसळीच्या औषधांचा, विशेषतः निकृष्ट क्विनीनचा, सुळसुळाट झाला होता. त्याची चौकशी करण्यासाठी १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९३१ साली तिचा अहवाल आला, आणि त्यातून पुढे १९४० चा औषधविषयक कायदा व १९४५ चे नियम जन्मास आले. त्या नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरची सही व तारीख हवी, रोग्याचे नाव व पत्ता हवा, औषधाचे एकूण प्रमाण व दर वेळची मात्रा हवी; आणि पुन्हा द्यावयाचे असेल तर तसे चिठ्ठीवरच लिहिलेले हवे. १ मार्च २०१४ पासून काही औषधांसाठी 'एच-१' नावाची अधिक कडक अनुसूची अमलात आली. तीत अनेक प्रतिजैविके आहेत, क्षयावरील औषधे आहेत, अल्प्राझोलामसारख्या मन शांत करणाऱ्या गोळ्या आहेत आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकेही आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव-पत्ता व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने औषध ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हेच. अमुक वैद्याने, अमुक रोग्यास, अमुक दिवसांपुरती दिलेली ती परवानगी आहे. गोळी हे त्या परवानगीचे दृश्य रूप, इतकेच.

सीमाभागातील माणसास परवानगीची हद्द म्हणजे काय, हे इतरांपेक्षा लवकर कळावयास हवे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या घराची एक भिंत एका राज्यात आणि नातेगोते दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आहे. शेताचा उतारा, मुलाची शाळा, बसवरील पाटी यांतील भाषेसाठी या मुलखाने किती आंदोलने केली हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. तरीही एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. निपाणीचा रोगी कोल्हापुरास जाऊन डॉक्टरला दाखवतो. चिकोडीचा मिरजेस जातो, जिथे डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले. उलट गोव्याची माणसे घाट चढून बेळगावास येतात. प्रत्येकजण परत जाऊन आपल्या गावच्या दुकानात तीच चिठ्ठी दाखवतो, आणि औषध मिळते. २०२१ साली महामारीच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा दाखला असल्याखेरीज माणसास पुढे सोडीत नसत. २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने आक्षेप घेतला. माणूस अडला, योजना अडली. डॉक्टरची चिठ्ठी कधी अडली नाही. कारण औषधांचा कायदा केंद्राचा, आणि तो दोन्ही बाजूंस एकच.

परंतु राज्याची सीमा निराळी आणि देशाची निराळी. आमच्या कोकणी वाचकांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल : १९६१ च्या डिसेंबरपूर्वी इथून गोव्यास निघालेल्या माणसाची पेटी कॅसलरॉकला एका सरकारचे अधिकारी उघडीत आणि घाट उतरून कुळ्याला पोहोचताच दुसऱ्या सरकारचे. शांतादुर्गेच्या किंवा मंगेशाच्या दर्शनास निघालेल्या भाविकासही त्यातून सूट नव्हती. देव तोच, भाषा तीच, आणि पेटीतील वस्तूंचे नियम मात्र दोन. आज दुबईस, लंडनास किंवा न्यू जर्सीस जाणाऱ्याची गत याहून वेगळी नाही. फक्त कुळे थोडे दूर गेले आहे.

त्या पलीकडच्या मुलखात आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचे काय होते? ती रद्दी होत नाही. पण हुकूम होती ती माहिती होऊन बसते. बेळगावच्या नामांकित हृदयरोगतज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी लंडनच्या औषधविक्रेत्यापुढे ठेवली तर तो ती अदबीने वाचील, परंतु तिच्यावर औषध देणार नाही. कारण त्या डॉक्टरचे नाव त्याच्या देशाच्या नोंदवहीत नाही. तिथल्या डॉक्टरास भेटावे, त्यास हे कागद दाखवावे आणि त्याने नवी चिठ्ठी लिहावी, हाच मार्ग. अमेरिकेत व आखाती देशांतही सामान्यतः हेच. कित्येकांस वाटते, आता दूरदर्शनाची सोय आहे. आपल्या घरच्या डॉक्टरांस पडद्यावर बोलावून विचारले की झाले. डॉक्टर बिचारे भिडेखातर सांगतातही. परंतु २५ मार्च २०२० रोजी आपल्या देशात दूरवैद्यकाचे जे नियम निघाले, त्यांत देशाबाहेरील सल्ल्यास जागाच दिलेली नाही. उपचाराचे धागे परक्या मुलखात एकदा तिथल्या वैद्याच्या हाती द्यावेच लागतात.

ते देताना पहिली अडचण येते ती नावाची. आमच्या घरांत औषध ओळखले जाते ते कंपनीने ठेवलेल्या नावाने. हे नाव म्हणजे लाडके टोपणनाव. ते गावाबाहेर कोणास कळत नाही. आणि कळले तर त्याहून वाईट! अमेरिकेत 'फ्लोमॅक्स' नावाने मिळते ते पुरुषांच्या प्रोस्टेटच्या विकारावरील औषध आहे, आणि इटलीत त्याच नावाने सूज उतरविणारे अगदी निराळे औषध मिळते. अशा सारख्या नावांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली आपल्या प्रवाशांस सावध केले होते. या घोटाळ्यावर उपाय म्हणून प्रत्येक औषधास जगभर एकच शास्त्रीय नाव असावे असे जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठरविले व १९५३ साली अशा नावांची पहिली यादी काढली. तरीही काही भेद उरलेच. आपण ज्यास पॅरासिटामॉल म्हणतो त्यास अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातील आपले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. शिवाय आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करण्याची फार हौस. २०१६ च्या मार्चमध्ये सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली यावरून ती किती वाढली होती हे कळावे. बाहेरच्या देशात ती जोडगोळी मिळत नाही, आणि तिच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसले तर तिथला डॉक्टरही हात टेकतो. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य व शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे असा आपल्याकडे २०१६ पासून दंडक आहे. तो दंडक आहे याची आपल्या डॉक्टरांस नम्रपणे आठवण द्यावयास रोग्यास कसलाही संकोच वाटू नये.

नावापेक्षाही कठीण अडचण आहे ती लाजेची, आणि तिच्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

शहापुरातील एक काकू एकदा आमच्याकडे मुखत्यारपत्रासाठी आल्या. निवृत्त शिक्षिका, मुलगा दुबईत, सून तिथेच नोकरीस, नातवाच्या मुंजीपूर्वी सहा महिने त्यांच्याकडे राहून यावे असा बेत. मुलाने दूरध्वनीवरून यादी सांगितली होती, तीत दिवाळीच्या अनारशांसाठी खसखस होती. आम्ही ती तिथल्या तिथे खोडावयास लावली. आपल्या स्वयंपाकघरातील ही गरीब वस्तू अफूच्या बोंडातून येते, आणि संयुक्त अरब अमिरातीत तिची गणना निषिद्ध पदार्थांत होते. काकू हसल्या. मग पिशवीतून एक पट्टी काढून हळूच म्हणाल्या, "मग हिचे काय? एवढ्याशा गोळीला कागद कशाला पायजे?" ती अल्प्राझोलामची पट्टी होती. यजमान वारले त्या वर्षी झोप येईना म्हणून कोणा डॉक्टरांनी ती महिनाभरासाठी लिहून दिली होती. महिना संपला, चिठ्ठी हरवली, ओळख राहिली. आणि त्या ओळखीवर आठ वर्षे गोळी चालू होती. घरात कोणास ठाऊक नव्हते. "सुनेला कळले तर काय म्हणेल? सासूचे डोके फिरले आहे म्हणेल."

आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले की, काकू, ही गोळी आपल्याही देशात अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या यादीत आहे, आणि तुम्ही जाता त्या देशात तर अशी औषधे नेण्यापूर्वी तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी काढावी लागते. त्या म्हणाल्या, "मग नेतच नाही. आजपासून बंद." आणि हाच विचार सर्वांत धोक्याचा होता. वर्षानुवर्षे घेतलेली अशी गोळी एकाएकी सोडली तर झोप तर उडतेच, पण झटकेही येऊ शकतात. आम्ही वैद्य नव्हे; एवढेच म्हणालो की, मुखत्यारपत्र उद्या होईल, आज डॉक्टरांकडे जा.

त्या गेल्या. पुढची हकिकत त्यांनीच आम्हांस सांगितली. डॉक्टरांनी रीतसर तपासले, शास्त्रीय नावाने चिठ्ठी दिली, आजाराचे व मात्रेचे पत्र इंग्रजीत लिहून दिले आणि गोळी हळूहळू कमी करण्याचा क्रम आखून दिला. परवानगीचा अर्ज मुलाच्या मदतीवाचून भरता येण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यास सांगणे भाग पडले. दूरध्वनीवर तो थोडा वेळ गप्प झाला आणि मग त्याने एवढेच विचारले, "आई, आठ वर्षे?" सुनेने काहीच म्हटले नाही, तिने अर्ज भरला. काकू म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्या दिवशी मला गोळी न घेता झोप लागली." एका रात्रीच्या झोपेवरून वैद्यकाचा सिद्धांत काढू नये हे आम्हांस कळते. पण आठ वर्षांचे ओझे उतरले होते, हे सांगावयास वैद्यक लागत नाही.

इथे कायद्याचे एक तत्त्व वाचकांपुढे ठेवले पाहिजे. मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयी १९७१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात प्रवाशाने स्वतःपुरते थोडे औषध जवळ बाळगावे यास मुभा ठेवलेली आहे. परंतु ते औषध कायदेशीर मार्गाने मिळविलेले आहे याची खात्री करून घेण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहे. सारे मर्म या अटीत आहे. काकूंची गोळी खरीच होती, दुखणेही खरे होते. पण ती कायदेशीर मार्गाने मिळाली हे दाखविणारा कागद नव्हता. गल्लीतल्या दुकानात ज्या लपविण्याने अब्रू राखली जाते, त्याच लपविण्याने परक्या विमानतळावर संशय उत्पन्न होतो. आणि ही गोष्ट एकट्या झोपेच्या गोळीची नाही. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या किती तरी जणांस आपल्याकडे प्रीगॅबालिन देतात. इंग्लंडने एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषधांत घातले आहे. गुडघेदुखीवर मिळणारे ट्रॅमाडॉल आपल्याकडे २०१८ साली १९८५ च्या कायद्याखाली आले, आणि आखातात त्यावर कडक नजर असते. साध्या सर्दीच्या औषधात स्यूडोएफेड्रीन दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ते जपानात नेण्यास मनाई आहे. ज्याने हे वाचले नाही तो गुन्हेगार होत नाही. पण अधिकाऱ्यापुढे उभा राहून तो तसा दिसतो खरा.

दुसरी हकिकत निपाणीकडील आहे, आणि तिचा शेवट इतका बरा नाही. तंबाखूच्या शेतीवर वाढलेला एक तरुण आखातात वातानुकूलन यंत्रे बसविण्याच्या कामावर गेला. त्यास लहानपणापासून अपस्माराचा विकार. गोळ्या नियमित घेतल्या की वर्षानुवर्षे त्रास नाही. मालकास कळले तर नोकरी जाईल या भयाने त्याने तिथे कोणास सांगितले नाही, तिथल्या डॉक्टरकडे गेला नाही, आणि गोळ्या गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती मागवीत राहिला. तीन वर्षे हे चालले. एकदा गावच्याच एका मुलाजवळ दिलेले पुडके विमानतळावर उघडले गेले. औषध त्या मुलाचे नव्हते, चिठ्ठी त्याच्या नावाची नव्हती, आतील गोळ्या कशावर आहेत हे त्यास सांगता येईना. त्यास काही तास बसवून ठेवून सोडून दिले. पुडके मात्र ठेवून घेतले. इकडे या तरुणाच्या गोळ्या संपल्या. पाचव्या की सहाव्या दिवशी तो शिडीवर असताना त्यास झटका आला. खांद्याचे हाड मोडले, नोकरी गेली, आणि तो परत आला.

त्याचे वडील नुकसानभरपाईचा दावा लावता येईल का, हे विचारावयास आमच्याकडे आले होते. दावा कोणावर लावणार? आम्ही कागद चाळीत होतो तेव्हा त्यात त्याच्या विम्याचे ओळखपत्र निघाले. त्याच्या मालकाने नियमाप्रमाणे त्याचा आरोग्यविमा उतरविला होता. ज्या औषधासाठी निपाणीहून पुडकी जात होती ते त्याच्या राहत्या जागेपासून हाकेच्या अंतरावरील दुकानात, तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत होते. वडिलांनी ते ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिले आणि घडी घालून खिशात ठेवले. त्या तरुणाची भीती निव्वळ भ्रम होती असे आम्ही म्हणणार नाही; आजारी माणसास कामावरून काढणारे मालक असतात. पण उंचावरचे काम त्याच्या दुखण्यास सोसणारे नव्हते, आणि ते त्यास सांगू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तिथला डॉक्टर. त्याच्याकडेच तो गेला नाही. शिवाय, दुसऱ्याचे पुडके नेणाऱ्या त्या गावच्या मुलाचे काय? पेटी ज्याची, जबाबदारी त्याची, हा जगभरचा न्याय आहे. आपल्या सोयीसाठी आपण परक्याच्या लेकराच्या पेटीत काय ठेवतो, याचा विचार प्रत्येक मायबापाने करावा.

यावर कोणी म्हणेल, हे सारे नियम श्रीमंत देशांचे चोचले आहेत. नुसती चिठ्ठी लिहून घेण्यासाठी अमेरिकेत डॉक्टरला जे द्यावे लागते, त्यात इथे वर्षाची औषधे येतात. हा आक्षेप खोटा नाही, आणि म्हणूनच माणसे पेटी भरून औषधे नेतात. पण आपलाही कायदा पाहुण्यांस अशाच अटी घालतो : बाहेरून येणाऱ्याने स्वतःपुरते औषध आणावे, विचारल्यास जकातीत सांगावे, आणि कोणत्याही एका औषधाच्या सरासरी शंभर मात्रांहून अधिक आणू नये, असे आपले नियम सांगतात. जे आपण दुसऱ्यास सांगतो ते दुसऱ्याने आपणांस सांगितले तर राग का यावा?

तेव्हा जाणाऱ्याने करावे काय, ते थोडक्यात सांगतो. निघण्यापूर्वी महिना-दोन महिने आपल्या डॉक्टरांकडे जावे. चिठ्ठी ताजी, पारपत्रावरील नावाशी जुळणारी, औषधांची शास्त्रीय नावे व मात्रा असलेली घ्यावी. सोबत आजाराचे पत्र इंग्रजीत असावे. आपल्या भाषेतील कागदासाठी झगडलेल्या या मुलखास हे सांगताना आम्हांस थोडे जड जाते; पण परमुलखातील अधिकाऱ्यास आपला आजार त्याला कळणाऱ्या भाषेत सांगण्यात मातृभाषेचा काही अपमान नाही. गोळ्या मूळच्या पट्टीत ठेवाव्यात; डब्यांत मिसळून भरू नयेत. नियम देशागणिक निराळे असल्यामुळे त्या त्या देशाच्या वकिलातीचे किंवा आरोग्य खात्याचे म्हणणे आधी पाहावे. अमेरिकेत सामान्यतः तीन महिन्यांपुरते, जपानात परवान्यावाचून एक महिन्यापुरते, असे भेद असतात. इन्सुलिन हातातील पिशवीत असावे. विमानाच्या तळघरात गोठले तर ते निकामी होते. आणि मुक्काम लांबणार असेल तर पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यातच तिथला डॉक्टर गाठावा. शेवटची गोळी हाती उरेपर्यंत थांबू नये.

आमच्या वैद्यकाविषयीही एक शब्द. 'आयुर्वेदिक आहे, त्याला काय होते' असे म्हणून पुड्या व भस्मे कागदाविना नेणारे पुष्कळ. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत मिळणाऱ्या दक्षिण आशियातील ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. यावरून आयुर्वेदास नावे ठेवणे अन्यायाचे होईल; परंतु आपण घेत असलेली पुडी डॉक्टरापासून लपवावी असाही त्याचा अर्थ नाही. ती कोणी दिली, कशाची आहे, केव्हापासून घेतो, हे इतर गोळ्यांबरोबर त्यास सांगावे.

आपल्या देवळांत गाऱ्हाणे घालण्याची जी रीत आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे ही गोष्ट फार परकी वाटत नाही. गुरव किंवा भट देवापुढे उभा राहून मोठ्याने सांगतो : अमक्या गावचा, अमक्या घराण्यातील, अमुक नावाचा तुझा सेवक, त्यास अमुक पीडा झाली आहे, ती दूर कर. सभामंडपात सारा गाव उभा असतो. तिथे कोणी नाव चोरीत नाही, गाव चोरीत नाही आणि दुखणेही चोरीत नाही. कारण अर्धवट सांगितलेले गाऱ्हाणे पोहोचत नाही अशी आपली श्रद्धा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीत तरी दुसरे काय असते? नाव, ठिकाण, दुखणे आणि त्यावर मागितलेला उतारा. देवापुढे जे सर्वांदेखत सांगावयास आपण लाजत नाही, ते घरच्या माणसांस आणि वैद्यास सांगावयास लाजू नये. मग पेटीत प्रसादाची पुडी आहेच; तिच्याशेजारी त्या कागदालाही जागा होईल.